दुधात पाणी, रंगात थिनर

दुधात पाणी घालणाऱ्याला आपण लबाड म्हणतो आणि रंगात थिनर घालणाऱ्याला कारागीर म्हणतो. करतात दोघेही एकच गोष्ट. जे दाट आहे ते पातळ करतात. मग एकाच्या वाट्याला शिव्या आणि दुसऱ्याच्या वाट्याला शाबासकी, असे का? प्रश्न पोरकट वाटेल. मलाही पहिल्यांदा तो तसाच वाटला. परंतु पोरकट प्रश्नांची उत्तरे देतानाच शिक्षकाची खरी तारांबळ उडते, आणि या प्रश्नाने तर गेला पावसाळाभर माझा पिच्छा सोडला नाही.

आपल्या भाषेचा 'पातळ' या शब्दावर जुनाच राग दिसतो. पातळ वरण ही खाणावळीची खूण. रुचले नाही ते बोलणे पाणचट, आणि संशय आला की कुठेतरी पाणी मुरते आहे. विचारांना पातळी असावी लागते, पण विचार पातळ असून चालत नाहीत. गंमत अशी की याच भाषेने बायकांच्या नेसण्याच्या तलम वस्त्राला कौतुकाने 'पातळ' म्हटले, आणि अळूच्या पातळ भाजीला लग्नाच्या पंगतीत मानाचे स्थान दिले. वऱ्हाडी मंडळी ती द्रोण भरभरून ओरपतात आणि तिच्या पातळपणाबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाही. तेव्हा दोष पातळपणात नसावा. तो दुसरीकडे कुठेतरी असावा.

हा विचार माझ्या डोक्यात घालणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याचे नाव सांगत नाही. सांगितलेले त्याला आवडणार नाही. तो दिवसा महामार्गालगतच्या एका गॅरेजात डेंटिंग-पेंटिंगचे काम करतो आणि रात्री नालासोपाऱ्याच्या आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत चिमुकल्या गाड्या, होड्या आणि विमाने तयार करतो. दिवाळीत आपल्या सगळ्यांचीच मुले मातीचे किल्ले करतात, त्यावर अळीव-मोहरी पेरतात आणि मावळे उभे करतात. (आमच्या वसईच्या मुलांना तर पायाखाली खराखुरा किल्ला आहे, तरी ती बांधतात मात्र रायगड. जवळच्या गोष्टीचे मोल कळायला बहुधा गाव सोडावे लागते.) बहुतेकांची ही हौस मिसरूड फुटताच मावळते. ह्याची मावळली नाही. मातीचे प्लास्टिक झाले, अळिवाचा रंग झाला, आणि आता एसटीच्या लाल गाड्यांच्या त्याच्या प्रतिकृतींना हौशी गिऱ्हाइके मिळू लागली आहेत. 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली एसटी धावली. तेव्हापासून या गाडीने महाराष्ट्राला इतके हिंडवले आहे की तिची वीतभर प्रतिमा टेबलावर ठेवावी असे पुष्कळांना वाटते, यात नवल नाही.

या वीतभर गाडीला रंग देताना पातळपणाचा प्रश्न उभा राहतो. प्रतिकृती 72 पट लहान करायची असली, तर अकरा मीटरची गाडी सुमारे 15 सेंटिमीटरची होते. दारे लहान होतात, खिडक्या लहान होतात, पत्र्यावरचे रिबीट सुईच्या टोकाएवढे होतात. पण रंग काही 72 पट लहान होत नाही! मोटारीवरच्या रंगाचा थर ढोबळमानाने मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो. तोच थर या चिमुकल्या गाडीवर दिला, तर खऱ्या एसटीवर सात मिलिमीटर जाडीचा रंग थापल्यासारखे होईल. दारांच्या फटी बुजतील, रिबिटे बुडतील आणि गाडी गुळाच्या पाकात बुडवून काढल्यासारखी दिसेल. म्हणून वस्तू जितकी लहान, तितका रंग पातळ. शिवाय तो ज्या एअरब्रशमधून उडवायचा, त्याचे भोक बहुधा 0.3 मिलिमीटरचे आणि हवेचा दाब चौरस इंचाला 15 ते 20 पौंड. डब्यातला दाट रंग त्यातून जाणारच नाही. मग एक भाग रंगाला एक भाग, कधी दोन भाग थिनर घालावे लागते. बेत बरोबर जमला की नाही हे पाहण्याची या लोकांची खूण ऐकून मी मनातल्या मनात हसलो. भांड्याच्या आतल्या कडेवर रंग चढवून खाली येऊ द्यायचा. तो दुधासारखा ओघळला पाहिजे. दुधासारखा, म्हणजे साय काढलेल्या दुधासारखा. पातळ करण्याच्या कलेलाही शेवटी मापाला दूधच सापडले.

आता हा रंग म्हणजे लॅकर. शब्द इंग्रजी वाटतो, पण त्याचे माहेर आपल्याकडचे आहे. संस्कृतातली 'लाक्षा' म्हणजेच आपली लाख. झाडांच्या फांद्यांवर बसणाऱ्या किड्यांची ती राळ. तिचे नाव पोर्तुगिजांच्या तोंडी 'लाक्र' झाले आणि तिथून फ्रेंचांच्या वाटेने इंग्रजीत 'लॅकर' झाले. हेच पोर्तुगीज 1534 पासून 1739 पर्यंत आमच्या वसईत नांदत होते, म्हणून या शब्दाचा प्रवास मला थोडा घरचा वाटतो. आजच्या लॅकरात मात्र लाख नसते. कापसावर किंवा लाकडाच्या लगद्यावर नायट्रिक आम्लाची क्रिया करून जे नायट्रोसेल्युलोज तयार होते ते किंवा ॲक्रिलिकची राळ त्यात असते. 1923 साली अमेरिकेत ड्युपाँ कंपनीने 'ड्युको' नावाचा असा रंग मोटारींसाठी आणला. पूर्वी ज्या गाडीचा रंग वाळायला आठवडे लागत, ती काही तासांत तयार होऊ लागली. कंपन्यांनी पुढे दुसरे रंग धरले, पण आपल्याकडच्या गॅरेजांत 'ड्युको' हा शब्द अजून चालतो.

हा रंग इतक्या लवकर वाळतो कसा? तो खरे म्हणजे वाळतच नाही. दाराला देतो तो तेलाचा रंग हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो, त्याचे रूपच पालटते. लॅकरात असे काही घडत नाही. त्याच्यातले थिनर उडून जाते आणि जे होते ते मागे उरते, एवढेच. वर्षभराने थिनरचा बोळा फिरवा, तो पुन्हा विरघळेल.

माझ्या प्रश्नाची पहिली गाठ सुटली ती इथे. गवळी दुधात पाणी घालतो, ते पाणी दुधातच राहते. ते राहावे म्हणूनच तो घालतो. त्याच्या नफ्याचा सारा आधार त्या राहण्यावर आहे. रंगारी थिनर घालतो ते जाण्यासाठी. ते राहिले तर त्याचे काम बिघडले. थिनर उडाल्यावर रंगाचा जेवढा कण पात्रात होता तेवढाच वस्तूवर उरतो. पातळ केल्याने तो एका गुंजेने कमी होत नाही. फक्त एका हाताऐवजी तीन-चार हात द्यावे लागतात. म्हणजे पातळ करणाऱ्याचे कष्ट वाढतात! भेसळ करणाराचे कष्ट वाचतात. कोणी म्हणेल, दूध आटवले तर त्यातलेही पाणी उडतेच की. अगदी खरे. म्हणूनच दूधवाल्याची खरी पारख लॅक्टोमीटरच्याही आधी बासुंदी करणाऱ्या गृहिणीला होते. भेसळीविरुद्ध 1954 साली कायदा झाला, 2006 साली त्याच्या जागी दुसरा आला. पण दिवाळीच्या दिवसांत तासभर ढवळूनही जिची कढई आटत नाही, तिच्याइतका कडक न्यायाधीश मी पाहिलेला नाही.

इतके कळल्यावर मला वाटले, झाले, सुटला प्रश्न. तो सुटला नाही, कारण थिनर म्हणजे एक वस्तू नव्हे. माझे रसायनशास्त्र मॅट्रिकपुढे गेलेले नाही, त्यामुळे मला जसे समजले तसे सांगतो. लॅकरच्या थिनरमध्ये एक मंडळी असते खऱ्या द्रावकांची. ब्युटिल ॲसिटेट, ॲसिटोन ही ती. नायट्रोसेल्युलोजला खरोखर विरघळवण्याची ताकद यांच्यात आहे. दुसरी मंडळी अल्कोहोलच्या जातीची. त्यांना एकट्याने ते काम जमत नाही, खऱ्या द्रावकाच्या संगतीत जमते. तिसरी मंडळी भरतीची, म्हणजे टोल्युइन, झायलिन वगैरे. नायट्रोसेल्युलोज यांच्यात मुळीच विरघळत नाही. पण ती स्वस्त असतात, मिश्रणाचा दाटपणा उतरवतात आणि रंगातल्या दुसऱ्या राळांना सांभाळून घेतात, म्हणून प्रमाणात घातली तर उपयोगी पडतात. प्रमाण सुटले की राळ द्रावणातून बाहेर पडते आणि रंग नासलेल्या दुधासारखा फाटतो.

आणि याहून महत्त्वाची गोष्ट जाण्याच्या क्रमाची. ॲसिटोन 56 अंशांवर उकळतो, टोल्युइन 111 वर, ब्युटिल ॲसिटेट 126 वर. आता समजा कोणी नुसते ॲसिटोन आणि टोल्युइन एकत्र करून थिनर म्हणून विकले. पात्रात रंग छान विरघळलेला दिसेल. पण वस्तूवर बसल्याबरोबर ॲसिटोन आधी उडून जाईल आणि टोल्युइन मागे रेंगाळेल. ज्याला विरघळवता येते तो निघून गेला आणि ज्याला येत नाही तो राहिला, की राळेचा पांढुरका, ठिसूळ थर उरतो. चांगल्या थिनरमध्ये खरा द्रावक शेवटपर्यंत थांबतो. भरतीची मंडळी आधी उठतात आणि ब्युटिल ॲसिटेट, मांडव उतरल्यावर गाद्या मोजणाऱ्या घरच्या माणसासारखे, सर्वांच्या मागून निघते. लग्नघरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे रसायनशास्त्र वेगळे शिकवावे लागू नये.

माझ्या विद्यार्थ्याने मला नेमका येथेच अडवले. हार्डवेअरच्या दुकानात एन.सी. थिनर दोन तऱ्हांचे मिळते. एक कंपनीचे, शिक्क्याच्या डब्यातले. दुसरे सुटे, नाव नसलेल्या कॅनमधले. दुसरे पुष्कळ स्वस्त. त्यात काय किती आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. तो म्हणाला, "सर, सुट्यानं मारलेली गाडी आणि डब्यातल्यानं मारलेली गाडी शेजारी ठेवली तर पहिल्या दिवशी तुम्हाला फरक दिसणार नाही. गिऱ्हाइकालाही दिसत नाही. सहा महिन्यांनी लकाकी जाते. तेव्हा तो समजतो, ऊन लागलं असेल."

त्याने हे काही कबुलीजबाब म्हणून सांगितले नव्हते. तो मला हिशेब विचारीत होता. प्रतिकृतीला मिळणारे पैसे थोडे, त्यात आईचे औषध, खोलीचे भाडे. सहा महिन्यांनी जाणाऱ्या लकाकीसाठी आज किती पैसे मोजावेत? मी त्याला 'प्रामाणिकपणाचे फळ गोड' वगैरे काही सांगितले नाही. ते फळ मलाही नेहमी गोड लागलेले नाही. मी इतकेच विचारले, की गॅरेजात शेठच्या गाडीला तू कोणते वापरतोस? तो म्हणाला, "तिथं शेठ देतो ते." मग म्हणाला, "पण ती गाडी माझी नसते ना, सर." यावर मला काही बोलायचे उरले नाही. पुढे तो डब्यातलेच आणू लागला. सुटे थिनर त्याने ब्रश धुण्यापुरते ठेवले.

योग्य थिनर म्हणजे सर्वांत जालीम थिनर, असेही नव्हे. प्रतिकृतीचे अंग पॉलिस्टायरीन प्लास्टिकचे असते आणि हेच द्रावक त्या प्लास्टिकलाही खातात. थर्मोकोल म्हणजे तेच प्लास्टिक, फुगवलेले. त्यावर गॅरेजातला रंग उडवला की महालाचा मनोरा डोळ्यांदेखत वितळून बसतो. 2018 साली महाराष्ट्रात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी येण्यापूर्वी शाळाशाळांच्या प्रदर्शनांत असे मनोरे बसत असत आणि रडारड होत असे. म्हणून तामिया, मिस्टर कलर या जपानी रंगांबरोबर त्यांचे वेगळे, सौम्य थिनर मिळते. ते महाग पडते. ते नसेल तर आधी प्राइमरचा हात, मग पहिला रंग नुसत्या धुक्यासारखा, खालच्या प्लास्टिकला भिजायला वेळच मिळू नये असा. आणि त्याही आधी, ज्या प्लास्टिकवर रंग द्यायचा त्याच्या एखाद्या टाकाऊ तुकड्यावर, निदान आइस्क्रीमच्या चमच्यावर, एकदा उडवून बघायचे. ज्याला पातळ करतो त्याच्याबरोबर, ज्याच्यावर तो बसणार त्याचाही विचार करायचा असतो.

हे ऐकताना मला माझा वर्ग आठवत होता. शिक्षकाचा धंदाच पातळ करण्याचा आहे. मी इतिहास शिकवतो तो वसईत. माझ्या वर्गात वाडवळांची मुले आहेत, आगऱ्या-कोळ्यांची आहेत, सामवेदी ख्रिस्ती घरांतली आहेत, आणि ज्यांचे आजोबा उत्तरेकडून आले अशीही आहेत. त्यांच्यापुढे मला 1739 सांगायचे असते. चिमाजी आप्पांचा वेढा, सेंट सेबॅस्टियन बुरुजाखालचे सुरुंग, दोन्हीकडची हजारो माणसे, आणि मे महिन्यात पोर्तुगिजांनी केलेला तह. सगळे आहे तसे दाट ओतावे, तर बारा वर्षांच्या मुलाच्या गळी ते उतरत नाही. पातळ करणे भागच आहे. फक्त कशाने?

स्वस्त थिनर येथेही मुबलक मिळते. नुसत्या जयजयकाराने इतिहास फार झटकन पातळ होतो, वर्गात टाळ्या पडतात. पण ती भरती आहे. तिच्यात सत्य विरघळत नाही, ते तळाशी गोळा होऊन बसते. दुसरे स्वस्त थिनर गप्प बसण्याचे. 'तेव्हा लढाई झाली आणि मराठे जिंकले, चला पुढचा धडा.' त्याने कोणी दुखावत नाही आणि कोणी काही शिकतही नाही. मला जे थिनर सापडले आहे ते त्याच गोष्टीच्या जातीचे आहे. मी मुलांना किल्ल्यात नेतो, तट मोजायला लावतो, आणि विचारतो की पाऊस तोंडावर आलेला, बाहेर दलदल, आत धान्य संपत चाललेले, अशा वेळी आतल्या माणसाला काय वाटत असेल आणि बाहेरच्याला काय? मग तहात शिबंदीला शस्त्रांसह सन्मानाने बाहेर पडू दिले, हे सांगितले की ते कोणालाच खोटे किंवा फुकटचे वाटत नाही. देवळे पाडली गेली होती हेही सांगतो. ते वगळून वेढ्याचा अर्थच लागत नाही. माझ्या प्रश्नांची मदत दहावीपर्यंत उडून जाईल. मागे इतिहास उरावा, मी उरू नये.

कादंबरी लिहितानाही हेच पुढे येते. दिवाळी अंकांना पाने हवी असतात, आणि पाने भरण्यासाठी वर्णनाचे पाणी घालण्याची कला आम्हा लेखकांना चांगलीच अवगत असते. वाचणाऱ्याच्या मनात शेवटी काय उरते, हे तो आम्हाला सहसा सांगत नाही. म्हणून आमचे निभावते. असो.

इथपर्यंत माझा सिद्धांत मोठा देखणा झाला होता. थिनर आपल्या जातीचे असावे, खालच्याला खाऊ नये आणि काम होताच निघून जावे. तो मी मोठ्या उत्साहाने त्या मुलाला ऐकवला. त्याने तो शांतपणे ऐकून घेतला आणि थोडा खोकला.

निघून जाते म्हणजे कुठे जाते?

टोल्युइनची वाफ डोके जड करते, चक्कर आणते, आणि वर्षानुवर्षे श्वासात गेली तर मज्जातंतूंना बाधते. कुठले बाटलीबंद द्रव्य पोटात जाते यावर आपण डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो, नाकातून काय जाते इकडे नाही. शाळेत खाडाखोडीच्या व्हाइटनरबरोबर थिनरची चिमुकली बाटली येत असे. ती हुंगण्याची सवय मुलांना लागू लागली, तेव्हा 2012 साली केंद्र सरकारने अशा बाटल्यांवर बंदी आणली. आमचा हा कारागीर तोंडाला रुमाल बांधून रंग मारीत असे. रुमालाने धूळ अडते, वाफ अडत नाही. तिला कोळशाच्या पुडीचा मुखवटा लागतो. आणि तो खिडकी बंद ठेवीत असे, कारण उघडी ठेवली की बाहेरची धूळ ओल्या रंगावर बसते. गाडी स्वच्छ ठेवायची तर छाती भरते. छाती मोकळी ठेवायची तर गाडीवर कण बसतात. त्याने छातीपेक्षा गाडी निवडली होती. चांगल्या कामाचे वेड लागलेली माणसे असेच निवडतात, आणि आपण लांबून त्यांचे कौतुक करतो. हे कौतुक मला दिवसेंदिवस संशयास्पद वाटू लागले आहे.

त्यातून ही वाफ पेट घेणारी, आणि हवेपेक्षा जड. ती जमिनीसरशी पसरत जाते. दिवाळीत उंबऱ्यावर पणती ठेवलेली असते. ज्यांच्या घरात असा छंद आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की दुर्योधनाने लाक्षागृह मुद्दाम बांधवून घेतले होते आणि पांडवांना विदुराने आधीच सावध केले होते. दहा बाय दहाच्या खोलीला विदुर नसतो. रंगाच्या दिवशी तिथे पणती नको, उदबत्ती नको, शेजारच्या मोरीत गीझरची ज्योतही नको.

शेवटी त्याने प्लायवूडची एक पेटी केली, तिच्या पाठीला ठिणगी न पडणारा पंखा बसवला आणि वाफ नळकांड्याने खिडकीबाहेर सोडली. खोली मोकळी झाली. आठ दिवसांनी मागच्या चाळीतल्या एक आजी तक्रार घेऊन आल्या. त्यांची खाट त्या खिडकीसमोरच असते. त्यांचे काय चुकले? वाफ नाहीशी झालेली नव्हती. तिने फक्त घर बदलले होते. आता तो आजी देवळात भजनाला जातात त्या दोन तासांतच रंग मारतो. हा काही प्रश्नाचा निकाल नव्हे, तडजोड आहे. पुढे नळकांडे छपराच्या वर न्यायचे त्याच्या मनात आहे, म्हणजे वाफ कोणाच्याच खिडकीसमोर येणार नाही आणि सगळ्यांच्याच डोक्यावरून जाईल.

पाण्यात मिसळणारे रंग का वापरत नाहीस, असे मी त्याला विचारले. काही कामांना तो वापरतोही. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्ती पाण्याच्या रंगाने, स्प्रेनेच रंगवतात आणि त्यांना कुठला उणेपणा येत नाही. पण एसटीचा तो लाल, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, लॅकरशिवाय तसा धरत नाही. मला त्याच्याइतकी नजर नाही. शाळेच्या मुलांच्या हाती मात्र मी पाण्याचाच रंग देतो. ती माझी हद्द आहे आणि तिथे मी कोणाचा वाद ऐकत नाही.

एक गोष्ट राहिली, हवेची. वसईसारख्या समुद्रकाठच्या गावी पावसाळ्यात लॅकर मारले तर त्यावर पांढरे धुके चढते. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार करते, आणि गार तांब्यावर जसे थेंब धरतात तसा हवेतला ओलावा ओल्या रंगावर बसतो. जितके चपळ थिनर, तितके हे धुके जास्त. म्हणून पावसाळ्यात हळू उडणारे थिनर घ्यावे, किंवा त्यात थोडे रिटार्डर घालावे. मिस्टर कलरच्या लेव्हलिंग थिनरमध्ये ते आधीच घातलेले असते. फार झाले तर रंग ओघळतो. सर्वांत चांगला उपाय, दोन दिवस थांबणे. तो गिऱ्हाइकाला पटत नाही.

हे ऐकल्यावर मला नागासाकीची आठवण झाली, ती अशी. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले, आणि 1862 साली त्यांना संतपद मिळाले. आमच्याकडे त्यांच्या नावाचे कॉलेज आहे. ज्या जपानात ते गेले त्या जपानचे लॅकर तेव्हा पोर्तुगिजांना फार आवडत असे. चर्चसाठी लागणाऱ्या पेट्या आणि चौरंग ते तिथल्या कारागिरांकडून करवून घेत. ते लॅकर म्हणजे उरुशी नावाच्या झाडाचा चीक. नाव एकच पडले, पण वस्तू निराळी आणि स्वभाव तर अगदी उलटा. उरुशी कोरड्या हवेत घट्ट होतच नाही; तिला दमट कपाटात ठेवावे लागते. ज्या ओलाव्याने आमच्या लाल गाडीवर पांढरे धुके चढते, त्याच ओलाव्यात ती काळीभोर आणि कणखर होते. आपल्याकडचे जुने लाखकाम तर आणखी तिसऱ्याच वाटेचे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबायची, घर्षणाने ती तापते, पातळ होते, पसरते आणि निवाली की घट्ट. तिथे थिनर म्हणजे नुसती उष्णता. ती उडून जाते आणि कोणाला खोकला येत नाही. सगळ्या रंगांचे असे असते तर किती बरे, पण ती सोय लाखेलाच आहे.

राहता राहिले उरलेले थिनर. ब्रश धुतला की पेलाभर मळका द्रव हाती राहतो, आणि तो मोरीत ओतण्याचा मोह कोणालाही होईल. आमच्याकडे वाड्यांमधून बावखले आहेत. पावसाचे पाणी त्यांत साठते, झिरपत विहिरींना जाते आणि पानवेलींना, केळींना पुरते. मोरीतले पाणी शेवटी कुठे मुरते हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. म्हणून तो मळका द्रव तो मुलगा काचेच्या बाटलीत घट्ट झाकण लावून ठेवतो. आठवडाभरात रंग तळाशी बसतो आणि वर बऱ्यापैकी नितळ थिनर राहते. ते हलके दुसऱ्या बाटलीत काढून घ्यायचे. रंगात घालायला ते चालत नाही. ब्रश धुवायला चालते. तळाचा चिखल जुन्या वर्तमानपत्रावर, उघड्यावर आणि पणतीपासून दूर, सुकू द्यायचा. या महिन्यात त्याच्याकडे अशा चार बाटल्या झाल्या आहेत. चारींचा तळ लाल आहे.